घरात एकामागून एक वाईट घडत असताना आलेल्या चांगल्या बातमीचं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की एकाच महिन्यात तुमची नोकरी गेली, आईचं ऑपरेशन झालं, ती अजून अंथरुणावर आहे, आणि त्यातच धाकट्या भावाचा एमबीबीएसला नंबर लागला. घरात पेढे आणायचे की नाही यावरून कुजबुज चालली आहे, आणि असा महिना लोक काढतात तरी कसा, असं तुम्ही विचारताय.

पेढे आणा. आजच आणा. का ते सांगतो, पण त्यासाठी आमच्या घरातला एक ऑक्टोबर सांगावा लागेल.

आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षवाले. मार्चमध्ये माल नेलेल्या व्यापाऱ्याने पुढची तारीख टाकून दिलेला चेक त्या महिन्याच्या सुरुवातीलाच परत आला. बँकेने मेमो हातात दिला, खात्यात पुरेशी रक्कम नाही. आमच्या वर्षाच्या कमाईतला मोठा हिस्सा त्या कागदावर होता. सोसायटीचं कर्ज भरायचं ते त्यातून, औषधांच्या दुकानाची उधारी भागवायची तीही त्यातूनच.

तेवढ्यात पाऊस आला. फळासाठीची गोडी छाटणी सप्टेंबरात उरकली होती, घड नुकतेच बाहेर पडत होते. ज्यांची बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो, वेलीचा हा सगळ्यात नाजूक काळ. पानं रात्रभर ओली राहिली की डावणी नावाचा रोग येतो, आणि ती पानावर थांबत नाही, घडावर उतरते. सकाळी हिरवा दिसलेला घड दोन दिवसांत तपकिरी पडून हाताने झटकला तरी गळतो. काळ्या रानात इतका चिखल, की ट्रॅक्टर आत घालता येत नव्हता. पाऊस तासभर उघडला की आम्ही पाइप ओढत गनने फवारायचो आणि पुन्हा सर आली की औषध धुऊन जायचं.

त्याच पावसात एका सकाळी आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातातून चहाचा कप सुटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं जड झालं. तिथून गाडी, नाशिक, स्कॅन. मेंदूत रक्तस्राव झाला होता. असा झटका गुठळीने आला असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन असतं, ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण ते गुठळीसाठी, रक्तस्रावाला ते चालत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, घरात कोणाचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, शब्द अडखळायला लागले तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यातच थेट जा. डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात.

आण्णा त्याच आठवड्यात गेले.

त्या दिवसाचं एक डोळ्यासमोरून जात नाही. आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा आमच्या बागेत फवारणीच्या एचटीपी पंपाचा आवाज येत होता. शेजारच्या शिवारातली चार माणसं आपला पंप, आपलं औषध घेऊन ओळीओळीने फवारत होती. त्यांच्याही बागेत तीच डावणी होती. कोणी आम्हाला विचारलं नाही, नंतर कोणी बोलूनही दाखवलं नाही. बाकी गाव मयताला आलं होतं आणि ही चार माणसं आमच्या बागेत होती, एवढंच मला नंतर कळलं.

आणि सुतकातच चांगली बातमी आली. माझ्या धाकट्या बहिणीने जिल्हा परिषदेच्या कनिष्ठ सहाय्यकाच्या जागेसाठी परीक्षा दिली होती. नाव प्रतीक्षा यादीत होतं, आणि यादीची मुदत संपत आल्यामुळे आम्ही तो विषयच सोडला होता. वरचे काहीजण रुजू झाले नाहीत, यादी खाली सरकली, आणि तिला कागदपत्र पडताळणीला बोलावणं आलं. तारीख दहाव्याच्या आधीची.

तिने तो मेसेज वाचला आणि मोबाइल पालथा करून पिठाच्या डब्यावर ठेवला. संध्याकाळपर्यंत कोणाला काही बोलली नाही. शेवटी माझ्या बायकोला सांगितलं, तेही चोरी केल्यासारखं. बायकोने मला सांगितलं तेव्हा मला आधी आनंद झालाच नाही, चीड आली. कशाची ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा आठ दिवसांची. आठ दिवस आधी आलं असतं तर आण्णांनी वाचलं असतं.

चुलते म्हणाले, सुतक फिटल्यावर बघू, सरकारी काम आहे, दोन दिवस पुढे-मागे होतंच. बहीण मान खाली घालून म्हणाली, नको, मी नाही जात. तेव्हा आत्या बोलली. आण्णांची पाठची बहीण, आयुष्यात शाळा पाहिली नाही. "तिला काय देवळात जायचंय का? कचेरीत जायचंय. माझ्या भावाचं सुतक आहे ना, मग मी सांगते. पोरगी जाणार." पुढे कोणी काही बोललं नाही.

मग कागद शोधायची वेळ आली. पदवीची प्रमाणपत्रं, टायपिंगची, एमएस-सीआयटी, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, सगळं मूळ आणि झेरॉक्सचे संच. निम्मे कागद आण्णांच्या पत्र्याच्या पेटीत आणि पेटीची चावी आण्णांच्या बंडीच्या खिशात. बंडी दवाखान्यातून आलेल्या पिशवीत तशीच बांधून ठेवलेली होती. ती पिशवी आईने सोडली. पेटीत जुने सातबारे, सोसायटीच्या पावत्या, व्यापाऱ्यांच्या हिशोबपट्ट्या आणि खाली आण्णांचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. त्या पिशवीत बहिणीच्या टायपिंग क्लासच्या फीच्या पावत्याही होत्या, तारखेप्रमाणे लावून दोऱ्याने बांधलेल्या. क्लास लावायला त्यांचा विरोध आहे असं आम्ही सगळे समजत होतो, कारण फी देताना ते एक शब्द बोलायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला मी एकाच फाइलमध्ये दोघांचे कागद घेऊन उभा होतो. आण्णांच्या आधार कार्डाची झेरॉक्स मृत्यूच्या नोंदीसाठी आणि बहिणीच्या कागदांचे संच पडताळणीसाठी. झेरॉक्सवाल्याने विचारलं, किती प्रती? मी दोन्ही गठ्ठे पुढे केले आणि मला रडू फुटलं. त्याने काही न विचारता मला आतल्या खुर्चीवर बसवलं आणि प्रती काढून दिल्या.

ती पडताळणीला गेली, सगळे कागद बरोबर निघाले. रात्री घरी आली तेव्हा भेटायला आलेली माणसं ओसरीवर बसलेली होती. आई उठली, आत गेली, आणि सगळ्यांसमोर येऊन तिने लेकीच्या हातावर साखर ठेवली. एकदोघांना ते आवडलं नाही, तोंडावर दिसत होतं. आईने पाहिलं आणि दुसऱ्यांदा साखर आणून त्यांच्याही हातावर ठेवली.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापाशी असलेलं उत्तर हेच आहे. आपलं दुःख खरं आहे, पण ज्याची ती बातमी आहे त्याच्या वाट्याचा आनंद खायचा हक्क आपल्या दुःखाला नाही. तुमच्या भावाने त्या नंबरासाठी दोन-तीन वर्षं घासली असतील. घरात आई झोपलेली, तुम्ही कामाविना, म्हणून तो आता गच्चीवर जाऊन हळू आवाजात मित्रांना सांगत असेल. माझ्या बहिणीसारखा त्याचाही मोबाइल कुठेतरी पालथा पडलेला असेल. तो पालथा मोबाइल मला फार लागला होता. घरातल्या माणसाला स्वतःच्या यशाची लाज वाटावी, हे त्या महिन्यातल्या इतर नुकसानीत आणखी एक नुकसान झालं असतं, आणि ते थांबवणं मात्र आमच्या हातात होतं.

उलट बाजूचंही सांगतो. लोक सांत्वनाला येतात आणि नकळत हिशोब मांडतात. एक गेलं तर एक आलं, देवाने बाजू सावरली, आण्णांचाच आशीर्वाद. माणसं मनाने चांगली होती, मी कोणाला उलटून बोललो नाही. पण आण्णांच्या बदल्यात नोकरी हा हिशोब मला कधीच मान्य झाला नाही. तिने ती अभ्यास करून मिळवली. आण्णा गेले ते गेले, त्याची भरपाई कशानेच झाली नाही. तुम्हालाही कोणी म्हणेल, नोकरी गेली तर काय झालं, घरात डॉक्टर येतोय. तुमची नोकरी गेल्याचं दुःख भावाच्या नंबराने कमी व्हायला हवं अशी सक्ती स्वतःवर करू नका. दोन्ही वेगवेगळं आहे, वेगवेगळंच राहू द्या.

आता दिवस कसे काढले ते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फक्त तारीख असलेली कामं लिहिली. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत केली तर विनाशुल्क होते, नंतर विलंबाचे सोपस्कार लागतात. चेक परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस जावी लागते. नोटीस मिळाल्यापासून त्याला पैसे द्यायला 15 दिवस. तरी दिले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. चेक न वटण्याच्या कलम 138 चं हे वेळापत्रक कोणाच्या मयतासाठी थांबत नाही. सातबाऱ्यावर वारस नोंदीची खबर तीन महिन्यांत द्यायची, म्हणजे ती पुढच्या पानावर. फवारणी रोजची. पडताळणीची तारीख लाल पेनाने. बाकी कॅलेंडरवर काहीच लिहिलं नाही. भाऊबंदांचे रुसवे, व्यापाऱ्यावरचा संताप, घर पुढे कसं चालेल याचा विचार, यातल्या कशालाच तारीख नव्हती, म्हणून ते मागे राहिलं. मी धीराचा म्हणून नव्हे, अंगात तेवढंच बळ होतं म्हणून. पोटभर रडायला मला डिसेंबर उजाडला, घडांची विरळणी चालू असताना, बागेत एकट्याला.

चांगल्या बातमीलाही कामं असतात, आणि ती त्याच कॅलेंडरवर लिहावी लागतात. म्हणून तुम्हाला सांगतो, भावाला मिळालेल्या फेरीत कॉलेजला हजर राहायची शेवटची तारीख आणि वेळ आधी बघा. मुदतीत मूळ कागद आणि फी घेऊन तो पोहोचला नाही तर जागा दुसऱ्याला जाते, घरातली अडचण कोणी ऐकत नाही. जातीचा किंवा उत्पन्नाचा कुठला दाखला लागणार असेल तर उद्याच सेतूत जा. आई महाराष्ट्रातल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या दवाखान्यात असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा. या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण ठरलेल्या उपचारांनाच, आणि मंजुरी उपचार चालू असतानाच मागावी लागते, बिल भरून घरी आल्यावर नाही. आईला पुन्हा भरती करायची वेळ आली तर दारातच रेशन कार्ड आणि आधार पुढे करा. नोकरीचं म्हणाल तर रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या पगाराचा हिशोब एवढं ई-मेलवर लेखी मागून ठेवा. पुढची नोकरी शोधण्याला या आठवड्यात तारीख नाही, ती आईला जरा उठून बसता येऊ लागल्यावर शोधलीत तरी चालेल.

आणि कोणी मदतीला आलं तर येऊ द्या. काय मदत हवी म्हणून विचारणाऱ्याला "काही नाही" म्हणू नका, झेरॉक्स काढून आण म्हणा, आईजवळ दोन तास बस म्हणा. आमच्या बागेत ती चार माणसं न विचारता शिरली म्हणून एक प्लॉट तरी हाती लागला. दुसरा आम्ही सोडून दिला. वाचलेल्यातून निम्माच माल निघाला, त्यावर औषधवाल्याची उधारी फिटली. व्यापाऱ्यावरची केस अजून चालू आहे, तारखा पडतात, मी जातो. बहीण नोकरीच्या गावी खोली घेऊन राहते, शनिवारी येते.

भावाला कुठलं कॉलेज मिळालं ते कळवा. नाशिकचं असेल तर हॉस्टेल मिळेपर्यंत तो आमच्याकडे राहू शकतो, सकाळच्या एसटीने वेळेत पोहोचता येतं. डबा माझी बायको देईल, तिला विचारूनच लिहितोय.