चूर्णाशिवाय पोट साफ होत नाही, ही सवय सुटेल का?

तुम्ही लिहिलंय की वय ३४, काम दिवसभर बसून, दोन वर्षं रोज रात्री चूर्ण घेताय आणि एक रात्र चुकली तर सकाळी काहीच होत नाही. सवय सुटेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

सुटते. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. बावीस वर्षं तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतोय. रात्री शटर अर्धं ओढलं की जी माणसं आवाज खाली आणून काहीतरी मागतात, त्यांतली निम्मी तरी चूर्णासाठी आलेली असतात. तुम्ही एकटे नाही.

बहुतेक चूर्णांमध्ये सोनामुखी असते. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत सनाय किंवा स्वर्णपत्री असं लिहिलेलं सापडेल. ती मोठ्या आतड्याला चेतवून जोरात हलायला लावते आणि याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्री घेतलं की सकाळी काम होतं. पण एरवी जेवढं बाहेर पडलं असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त आतडं एकदम रिकामं होतं. ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणारच. चूर्ण चुकलेल्या दिवशी तुमचं पोट साफ होत नाही, ते बऱ्याचदा बाहेर पडायला काही नसतंच म्हणून. माणूस घाबरतो आणि रात्री पुन्हा चमचा भरतो.

त्यात रोज सकाळी एकदा झालंच पाहिजे, हे आपल्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं. दिवसातून तीनदापासून आठवड्यातून तीनदापर्यंत काहीही चालतं. कुंथावं लागत नसेल, खडे होत नसतील, तर ती बद्धकोष्ठता नव्हे.

माझे वडील बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घ्यायचे आणि रात्री चूर्ण. एकदा पोटऱ्यांत गोळे यायला लागले, जिना चढवेना. रक्त तपासलं तर पोटॅशियम घसरलेलं. दोन्हींनी मिळून पोटॅशियम शरीराबाहेर जातं हे मला शिकवलेलं होतं. पण फडताळातल्या त्या डब्याला मी औषध म्हणून कधी धरलंच नव्हतं. ती चूक मला आजही टोचते, म्हणून सांगतो: डॉक्टरांकडे जाल तेव्हा चूर्णही औषधांच्या यादीत सांगा.

आता सोडायचं कसं. एकदम बंद करू नका. आधी रात्रीच्या जेवणानंतर एक चमचा इसबगोल सुरू करा, पण झोपण्याच्या तोंडावर नको. मोठ्या ग्लासभर पाण्यात टाकून ढवळायचं, लगेच प्यायचं आणि वर आणखी एक ग्लास पाणी. लोक इथेच चुकतात. मी गिऱ्हाइकाला काउंटरवर अर्ध्या कप पाण्यात चमचाभर इसबगोल टाकून दाखवतो. पाच-दहा मिनिटांत त्याचा असा घट्ट लगदा होतो की कप पालथा केला तरी सहज पडत नाही. पाणी कमी पडलं तर तेच पोटात होणार आणि त्रास वाढणार. पहिला आठवडा पोट जरा फुगेल, गॅस होतील, ते ओसरतं. दुसरी औषधं चालू असतील तर मध्ये दोन तास ठेवा. दहा-बारा दिवसांनी चूर्ण एक दिवसाआड करा, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद. दीड-दोन महिने धरून चला.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पॉलिशच्या तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नाहीत. एका वेळच्या भाताऐवजी भाकरी, मोड आलेली मटकी आणि बियांसकट एक पेरू एवढ्यानेही फरक पडतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे वेळ. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं आणि सकाळी ते सगळ्यांत जोरात हलतं. नाश्त्यानंतरची ती वीस मिनिटं तुम्ही बस पकडण्यात घालवत असाल, तर आलेली कळ दाबली जाते, मळ तिथेच थांबतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो कडक होतो. अर्धा तास लवकर उठा. कमोड असेल तर पायांखाली पाट ठेवा, गुडघे वर आले की मार्ग सरळ होतो. दुकानात येणाऱ्या शिक्षिका आणि एसटीतल्या कंडक्टर बायकांना मात्र मी हे कुठल्या तोंडाने सांगू? कडी लागणारा, पाणी असलेला संडास दिवसभर मिळत नाही म्हणून त्या कळ दाबतात, पाणीही कमी पितात. त्यांचं दुखणं चूर्णाने बरं होणारं नाही.

तुम्ही लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेताय का? कोडीनवालं खोकल्याचं औषध? त्यांनीही पोट आवळतं. थायरॉइड एकदा तपासून घ्या.

आणि शौचावाटे रक्त, डांबरासारखा काळा मळ, कारण नसताना उतरलेलं वजन किंवा अंगात रक्त कमी असणं, यांतलं काही असेल तर इसबगोलही घेत बसू नका, थेट डॉक्टर गाठा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, तर त्याच तासाला दवाखान्यात जा. रक्त दिसलं की ‘मूळव्याधच असेल’ म्हणत लोक माझ्याकडून मलम मागतात. मी आता पहिल्यांदाच रक्त दिसलेल्या माणसाला तपासणी झाल्याशिवाय ते देत नाही.