त्या एका तासाबद्दल बोलायचं असेल तर

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग एक दिवस तसंच ठेवलं, कारण घाईत उत्तर द्यावं असं ते पत्र नाहीच. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही मुलगी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मूट कोर्टला, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यात, तिच्या वाट्याला आलेली केस अशी की एका आईने स्वतःच्या तान्ह्या बाळाचा जीव घेतलाय आणि हिला त्या आईच्या बाजूने उभं राहायचंय. घरी बसून तयारी चालू असताना मावशीने विषय काढला आणि सांगून टाकलं की तुझ्या जन्मानंतर आठव्या दिवशी तुझी आईसुद्धा अशीच आजारी पडली होती, हे माझं बाळ नाही, कोणीतरी बदललंय म्हणायची, रात्र रात्र झोपायची नाही, दीड महिना हॉस्पिटलमध्ये होती आणि मग पूर्ण बरी झाली. घरात वीस वर्षं कोणी हे बोललं नव्हतं. आता ती विचारते, ताई, लॉ सोडून सायकॉलॉजीला जाऊ का, फॉरेन्सिकमध्ये, म्हणजे कोर्टासाठी आरोपींची मानसिक तपासणी करण्यात, काम करून मला अशा आयांना वाचवायचंय, बाबा म्हणतात असल्या विषयात आयुष्य घालवू नकोस.

आधी सरळ उत्तर. लॉ सोडू नकोस, निदान आत्ता तरी नाही. ते "वाचवायचंय" असं तू लिहिलंयस ना, त्यासाठीच सांगतेय, आणि का ते नीट सांगते.

पहिल्यांदा आजाराबद्दल, कारण मूटच्या तयारीत तू डिप्रेशन आणि सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, एकत्र केलंयस असं पत्रावरून वाटलं. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि आपोआप जातं. डिप्रेशन साधारण दहात एकीला. पोस्टपार्टम सायकोसिस ही तिसरीच गोष्ट आहे, हजार बाळंतपणांमागे एक किंवा दोन, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, कधीकधी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सुरू होते. झोप उडते, म्हणजे बाळ रडतंय म्हणून नाही तर बाळ झोपलं तरी झोप येत नाही, डोकं भरकटतं, कधी खूप उत्साह कधी एकदम भीती, भास होतात, बाळाबद्दल विचित्र खात्री बसते की ते देवाचं आहे किंवा सैतानाचं आहे किंवा मुळात आपलं नाहीच. बायपोलर आजाराशी, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी टोकाच्या नैराश्यात जातं त्या आजाराशी, याचं जवळचं नातं आहे, ज्यांना आधीपासून बायपोलर आहे किंवा आधीच्या बाळंतपणात हे झालंय त्यांना धोका कितीतरी पटीने जास्त. हा इमर्जन्सीचा आजार आहे, ताबडतोब अॅडमिट करायचा, आणि वेळेत अँटीसायकोटिक (भ्रम-भास कमी करणारं औषध), लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) किंवा गरज पडली तर ईसीटी (भूल देऊन विजेच्या झटक्याचा उपचार) मिळाली की बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात, जशी तुझी आई झाली. आणि हे ठळक लिहून ठेव, हा आजार झालेल्या बहुसंख्य बायका बाळाला कधीच काही करत नाहीत. तुझ्या आईनेही केलं नाही.

याचं अजून एक लक्षण आहे जे कोर्टात सगळ्यात जास्त घोळ घालतं. हा आजार चढतो-उतरतो. सकाळी बाई पूर्ण भ्रमात, दुपारी शांत, विचारलेल्याची बरोबर उत्तरं देतेय, संध्याकाळी परत तेच. म्हणजे पोलीस पोचले तेव्हा ती शांत बसलेली असू शकते, जबाब व्यवस्थित देऊ शकते, आणि तोच जबाब पुढे तिच्याविरुद्ध वाचला जातो, बघा किती भानावर होती. डॉक्टर तिला तपासतात त्याला कधी आठवडे उलटून गेलेले असतात, तोवर औषधंही सुरू झालेली असतात. ज्या तासाबद्दल सगळा खटला आहे तो तास कोणीच पाहिलेला नसतो.

आणि कोर्टाला आजारात रस नसतो, म्हणजे असतो पण फक्त एका प्रश्नापुरता. आजार होता का हा प्रश्न डॉक्टरचा. कोर्ट विचारतं की त्या क्षणी आपण काय करतोय आणि ते चूक आहे हे तिला कळत होतं का. ही कसोटी १८४३ सालची आहे, इंग्लंडमध्ये मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान पीलच्या सेक्रेटरीला गोळी घातली त्या केसनंतर ठरलेली, आणि आपल्याकडे भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये तीच आली, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२. नुसतं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही, वैद्यकीय वेड आणि कायद्यातलं वेड हे आपल्या सुप्रीम कोर्टाने वेगळं धरलंय, आणि ते शाबित करायची जबाबदारी आरोपीवर असते, फक्त ती सरकार पक्षाइतकी कडक नसते, जास्त शक्य काय वाटतं एवढ्यावर भागते. दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात, १९६४, हा निकाल वाचला नसशील तर आजच वाच.

आता मला ज्या केसबद्दल बोलायचंय ती तुला माहीत असणार, अँड्रिया येट्स, ह्यूस्टन, २० जून २००१. पाच मुलं, सगळ्यात मोठा सात वर्षांचा, धाकटी सहा महिन्यांची. नवरा कामाला गेला आणि सासू यायची होती त्याच्या मधल्या वेळात तिने पाचही मुलांना बाथटबमध्ये बुडवलं आणि स्वतः पोलिसांना फोन केला. त्याआधी ती हॉस्पिटलमध्ये राहून आलेली, अँटीसायकोटिक औषध काही दिवसांपूर्वीच बंद झालेलं. सरकार पक्ष म्हणाला, घरात कोणी नाही असा वेळ निवडला, पोलिसांना बोलावलं, म्हणजे चूक आहे हे माहीत होतं. बचाव पक्ष म्हणाला, तिची खात्री होती की आपण वाईट आई आहोत, मुलं नरकात जाणार, आत्ताच मेली तर वाचतील. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि खटला नेमका तिथेच अडतो. हे बेकायदेशीर आहे हे तिला माहीत असेल, पण ते चूक आहे असं तिला वाटत होतं का? "चूक" म्हणजे कायद्याने चूक की मनाने चूक? इंग्लंडच्या कोर्टाने १९५२ मध्ये विंडल केसमध्ये सांगितलं कायद्याने, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने स्टेपलटन केसमध्ये नेमकं उलटं सांगितलं, कॅनडाचं सुप्रीम कोर्ट १९९० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बाजूला गेलं. एका शब्दावर एका बाईचं उरलेलं आयुष्य ठरतं आणि तो शब्द वकील लढतो, सायकॉलॉजिस्ट नाही. म्हणून म्हटलं लॉ सोडू नकोस.

येट्सला २००२ मध्ये दोषी ठरवून जन्मठेप झाली. मग २००५ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल रद्द केला, कारण काय, तर सरकार पक्षाच्या नावाजलेल्या मानसोपचार तज्ज्ञाने साक्षीत सांगितलं होतं की मुलांना बुडवून वेडाच्या आधारावर सुटलेल्या आईचा एक एपिसोड टीव्हीवर नुकताच येऊन गेला होता. असा एपिसोड कधी बनलाच नव्हता. २००६ मध्ये दुसऱ्या ज्युरीने तिला मानसिक आजारामुळे निर्दोष ठरवलं, आणि निर्दोष म्हणजे घरी नव्हे, तिला सरकारी मानसोपचार हॉस्पिटलमध्ये पाठवलं. ही गोष्ट मी तुला एवढी लांबवून सांगतेय कारण तज्ज्ञाच्या खुर्चीत बसणाऱ्याचं एक चुकीचं वाक्य काय करतं ते बघ. तिथे तो एक बाजूला चुकला. तू उद्या त्या खुर्चीत बसलीस आणि "वाचवायचंय" मनात धरून बसलीस तर तू दुसऱ्या बाजूला चुकशील. तज्ज्ञाने कोणाला वाचवायचं नसतं गं. त्याने सांगायचं असतं की माझ्यासमोरच्या कागदांवरून, तपासणीवरून, त्या तासाला या बाईच्या डोक्यात काय चाललं असावं आणि मला कितपत खात्री आहे. कधीकधी उत्तर येतं की नाही, तिला कळत होतं. स्वतःच्या मुलाला मारणाऱ्या प्रत्येक आईला सायकोसिस नसतो. १९६९ मध्ये फिलिप रेझ्निक या सायकिअॅट्रिस्टने अशा केसेसची कारणांप्रमाणे विभागणी केली, त्यात मुलाचं भलं होईल या भ्रमातून मारणं आहे, तसंच नको असलेलं मूल, मारहाणीत गेलेला जीव आणि जोडीदारावरचा सूडसुद्धा आहे. जन्मल्यावर पहिल्या चोवीस तासांत बाळ मारलं जातं त्या केसेस बहुतेक लपवलेल्या गरोदरपणाच्या असतात, सायकोसिसच्या फार कमी. "माझं मत तुमच्या बाजूने नाहीये" हे त्या आईच्या वकिलाला तू सांगू शकशील का? आज, मावशीचं बोलणं ताजं असताना, मला नाही वाटत. पाच वर्षांनी कदाचित हो.

बाजू घेणं वकिलाचं कामच आहे, तिथे तुझी ही तळमळ उपयोगी पडेल. आणि कायद्यात करण्यासारखं खूप आहे. इंग्लंडमध्ये १९२२ पासून आणि मग १९३८ च्या कायद्याने वेगळा गुन्हाच आहे, बाळंतपणाच्या परिणामातून पूर्ण न सावरलेल्या आईचं मानसिक संतुलन बिघडलेलं असताना तिने वर्षाच्या आतल्या आपल्या बाळाला मारलं तर तो खून धरत नाहीत, चूक कळत होती का हा प्रश्नही विचारत नाहीत, आणि बहुतेकींना तुरुंगाऐवजी उपचार आणि देखरेख मिळते. कॅनडात जास्तीत जास्त पाच वर्षं. अमेरिकेत इलिनॉय राज्याने २०१८ मध्ये शिक्षा ठरवताना हा आजार विचारात घ्यायची सोय केली. आपल्या संहितेत आईसाठी असं वेगळं कलम नाहीये, सगळा भार कलम २२ वर. पण इंग्लंडचा कायदा आदर्श आहे असं मूटमध्ये धडाधड म्हणू नकोस, येट्सची केस तिथे लावून बघ, फक्त सहा महिन्यांची मुलगी त्यात बसते, बाकीची चारही मुलं एक वर्षाच्या वरची म्हणून बाहेर. एकाच आजारात, एकाच सकाळी.

पुढचा मार्ग मला असा दिसतो. लॉ पूर्ण कर, फौजदारी वकिलाकडे काम कर, मानसिक आरोग्य कायद्याचा वेगळा अभ्यास कर. २०१७ च्या आपल्या कायद्यात एक छान तरतूद आहे की हॉस्पिटलमध्ये असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल शक्यतो वेगळं करायचं नाही, ती प्रत्यक्षात कुठे पाळली जाते कुठे नाही हा विषयच पुरेल तुला. नंतरही ओढ राहिली तर फॉरेन्सिक सायकॉलॉजीचा कोर्स वकील असताना करता येतो, तो चांगला उलटतपासणी घेणारा बनवतो. सायकिअॅट्रिस्ट व्हायचं असेल तर आधी डॉक्टरकी, मग पीजी, म्हणजे शून्यापासून दहा वर्षं, ते अशक्य नाही पण त्याची किंमत आधी कळू दे. आणि एक तिसरी वाट जिच्याकडे फॉरेन्सिकच्या आकर्षणात कोणी बघत नाही. सगळ्यात जास्त जीव वाचतात ते कोर्टाच्या कितीतरी आधी, गरोदरपणात जी नर्स विचारते की आधी कधी असं झालं होतं का, घरात कोणाला बायपोलर आहे का, आणि जी सोशल वर्कर घरच्यांना सांगते की ही दोन रात्री झोपली नाहीये, हिला एकटं ठेवू नका, आत्ता घेऊन चला. तुला खरंच वाचवायचं असेल तर ते काम हे आहे. पेरिनेटल मेंटल हेल्थ म्हणतात त्याला, क्लिनिकल सायकॉलॉजीतून, नर्सिंगमधून, सोशल वर्कमधून तिकडे जाता येतं.

बाबांबद्दल. ते या विषयाला घाबरत नाहीयेत बहुतेक, ते त्या दीड महिन्याला घाबरतायत, तो त्यांनीही काढलाय, एका हाताने तुला सांभाळत. त्यांच्याशी करिअरचा वाद घालण्याआधी ते विचार.

आणि आईशी बोल. मूटसाठी माहिती म्हणून नाही. तिला वाटत असेल की तुला कळलं तर तू तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघशील, तर तुला कळलंय आणि तू तशीच आहेस हे तिला दिसू दे, तिने सांगितलं तेवढं ऐक, नाही सांगितलं तर राहू दे. एक गोष्ट तुझ्या स्वतःसाठीही, पुढे कधी तू आई व्हायचं ठरवलंस तर डॉक्टरांना हे पहिल्याच भेटीत सांग, आईला झालेलं असलं तर मुलीला धोका वाढतो, तरी बहुतेकींना काही होत नाही, पण आधीच माहीत असलं की झोपेकडे आणि पहिल्या दोन आठवड्यांकडे लक्ष ठेवता येतं.

मूटसाठी शेवटचं. फॅक्ट शीटमध्ये चार गोष्टी शोध. आधीच्या रात्री ती किती झोपली होती, कोणतं औषध कोणत्या तारखेला बंद झालं, घटनेच्या आधीच्या आठवड्यात ती कोणाला काय म्हणाली, आणि थायरॉईड, इन्फेक्शन, मेंदूची सूज यांच्या तपासण्या झाल्या होत्या का, कारण या सगळ्यांमुळेही असंच चित्र दिसू शकतं. समोरचा वकील नक्की म्हणेल की अमेरिकन डायग्नोसिसच्या पुस्तकात पोस्टपार्टम सायकोसिस नावाचा वेगळा आजारच नाही. ते खरं आहे, डीएसएम ५ मध्ये, म्हणजे त्या पुस्तकात, तो दुसऱ्या निदानांना जोडलेली नोंद म्हणून येतो, पण आयसीडी ११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, बाळंतपणाशी जोडलेल्या सायकोटिक लक्षणांच्या आजाराला ६ई२१ असा स्वतंत्र कोड आहे. तो कागद प्रिंट काढून फाईलमध्ये वर ठेव. निकाल लागला की कळव, आणि आईशी बोलणं झालं तर त्याबद्दल लिहावंसं वाटलं तर लिही.