पडद्यामागची घरघर आणि माझी मोडलेली पिन

भाऊ, शहाद्याकडच्या टॉकीजचं तुमचं वर्णन वाचलं आणि वाटलं, हे मीच कधीतरी लिहिलंय. तुम्ही लिहिता, एप्रिलपासून पडद्याच्या तिन्ही स्पीकरमधून घूंऽऽ, दुपारच्या शोला जास्त, रात्री नऊनंतर कमी. सराउंड, म्हणजे हॉलच्या भिंतींवरचे स्पीकर, मात्र स्वच्छ. आणि इंजिनिअर फोनवरूनच सांगतोय, अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) बदला.

अ‍ॅम्प बदलू नका. निदान इतक्यात तरी नाही. तीन अ‍ॅम्प एकाच आठवड्यात, तेही फक्त उन्हात बिघडत नसतात. सराउंड स्वच्छ आहे म्हणजे प्रोसेसरही, सिनेमाचा आवाज वेगवेगळ्या अ‍ॅम्पना वाटून देतो तो, बहुतेक ठीक आहे. अ‍ॅम्पच्या इनपुटची वायर काढून, घूं राहतं का जातं, ते तुम्ही बघितलंच असेल, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. माझा पहिला संशय असा की तुमचे पडद्याचे अ‍ॅम्प पडद्यामागे आहेत आणि सराउंडचे केबिनमध्ये.

आमचं टॉकीज चोपडा तालुक्यात. तिथं अगदी हेच होतं. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे, डक्ट कूलर बारा वाजल्यापासून चालू. पडद्यामागच्या अ‍ॅम्पला लाइन त्याच कूलरच्या बोर्डावरून, प्रोसेसरला केबिनच्या बोर्डावरून. दोन बोर्डांचे अर्थिंगचे खड्डे, जिथं अर्थिंगची वायर जमिनीत उतरते ते, वेगळे. मधे शंभर-सव्वाशे फूट ऑडिओ केबल, तिची शील्ड (आतल्या तारांभोवतीची जाळी) दोन्ही टोकांना जोडलेली. म्हणजे दोन खड्ड्यांच्या व्होल्टेजमध्ये फरक पडला की करंट त्या शील्डमधूनच धावणार आणि घूं ऐकू येणार.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी काय केलं? कोणीतरी सांगितलं म्हणून पक्कड घेतली आणि अ‍ॅम्पच्या तिन्ही प्लगांची मोठी पिन, म्हणजे अर्थिंगची, मोडून टाकली. आवाज एकदम गप्प. ऑपरेटरला चहा पाजला, मालकांना फोन केला, छाती फुगवून हिंडलो.

पहिल्या पावसात दमट हवेनं एका अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं. अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता आणि विषय संपला असता. अर्थिंग नव्हतं, म्हणून करंटनं ऑडिओ केबलच्या शील्डचा रस्ता धरला आणि केबिनमधल्या प्रोसेसरचं आउटपुट कार्ड जाळलं. त्याआधी झाडू मारणाऱ्या पोराचा हात रॅकला लागला. फेकला गेला, वाचला. ते आठवलं की आजही हात गार पडतात.

कार्ड ज्या ऑफिसला पाठवलं, त्यांचं नाव घेत नाही. साडेतीन आठवड्यांनी पार्सल परत आलं, सील तसंच. फॉर्मवर टॉकीजचा शिक्का नव्हता म्हणे! एक फोन करायला काय लागतं? मुंबई इथून चारशेच्या आसपास किलोमीटर, आणि त्यांच्या लेखी आपण नकाशावरच नाही. तोवर केबिनच्या मॉनिटर स्पीकरची (ऑपरेटर ऐकतो तो) लाइन घेऊन लग्नातल्या साउंडच्या मिक्सरमधून सिनेमा चालवला. पब्लिक काय काय बोललं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटी दोष सापडला तो गावच्या वायरमनला. कूलरच्या पाण्याच्या मोटरचं वाइंडिंग ओलं होऊन अर्थिंगला करंट सोडत होतं आणि आमचा खड्डा उन्हानं ठणठणीत कोरडा, म्हणून तो करंट जमिनीत नीट जिरत नव्हता. मल्टीमीटरवर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये कूलर चालू असताना ९ व्होल्ट, बंद केला की दीड. मोटर बदलली, कोळसा-मीठ घालून नवा खड्डा केला, अ‍ॅम्पची लाइन केबिनच्या बोर्डावरून ओढली. घूं गेलं. खड्ड्यात उन्हाळाभर रोज बादलीभर पाणी ओततो, अजूनही.

तुम्हीही तेच मोजा, कूलर चालू आणि बंद. शिवाय लांब वायर ओढून दोन्ही बोर्डांच्या अर्थिंगमधला व्होल्टेज बघा. तोडायचंच असेल तर ऑडिओ केबलची शील्ड अ‍ॅम्पच्या टोकाला सोडा, तीही केबल बॅलन्स्ड असेल, म्हणजे शील्डच्या आत आवाजाच्या दोन तारा असतील आणि दोन्ही टोकांची जोडणीही तशीच असेल, तरच. पॉवरच्या अर्थिंगला हात लावायचा नाही. मी काही इंजिनिअर नाही, बोर्ड उघडायला लायसनवाला वायरमन घ्या. आणि तुमचं घूं कूलर बंद करूनही तसंच राहत असेल, तर माझं सगळं सोडून द्या, दोष दुसरा आहे.

जाता जाता, पडद्यामागे जाणारच आहात तर टॉर्च घेऊन जा. उंदरांनी कुरतडलेली स्पीकर वायर आम्हाला तिथंच सापडली. आवाज बाहेर येतो ती पडद्याची बारीक छिद्रंही बघा. आपल्याकडच्या धुळीनं ती बुजतात, मग डायलॉग दबके येतात आणि ऑपरेटर फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) सातच्या नेहमीच्या खुणेवर ढकलत राहतो, अजून वर, अजून वर. तसं केलं की घूं नसलेल्या जागीही सूं ऐकू येतं.

आता एवढं सांगा, तुमच्या पडद्यामागच्या बोर्डाची लाइन नेमकी कुठून येते?