पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३.१३ आवृत्तीवर गेल्यावर ऑफिसच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, नाकारलं जातं, तपासणी बंद केली तर चालेल का?

नाही चालणार. ३.१२ वर धावणारं स्क्रिप्ट अडलं म्हणून तुम्ही पुढे विचारलंय, "पायथनवाले चालती गोष्ट का मोडतात?" हेच वाक्य पणजीत, पाटोवरच्या ऑफिसात, एका सीनियरच्या तोंडून इतकं ऐकलंय की गप्प बसवत नाही.

कळंगुटच्या एका हॉटेलचं काम आमच्याकडे होतं. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत फॉर्म-सी, म्हणजे त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म, जावा लागायचा; रिसेप्शनवर पासपोर्टची माहिती भरली की आमचं स्क्रिप्ट ती सर्व्हरवर पाठवायचं. डिसेंबर २०१४ मध्ये पायथन २.७.९ आलं, आम्ही ते चढवलं आणि स्क्रिप्ट अडलं. तोवर पायथनची मूळ लायब्ररी एचटीटीपीएसने, म्हणजे सांकेतिक रूपात, बोलायची खरी, पण समोरचं सर्टिफिकेट कोणाचं हे बघायचीच नाही. खाकी शर्ट दिसला की कोणालाही कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, तिकिटाचे पैसे देण्यातला प्रकार. पेप ४७६ ने (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) ती तपासणी आपोआप चालू केली. दुरुस्तीच्या आवृत्तीत वागणूक बदलायची नाही हा त्यांचाच नियम. सुरक्षेपायी तो मोडला, आणि बरंच केलं.

सीनियरने एका ओळीत तपासणी बंद केली. "नाताळ तोंडावर आहे, सीझन संपला की बघू." सीझन संपला, चवथ येऊन गेली, ओळ तिथेच. वर रिसेप्शनचा पीसी पाहुण्यांच्याच वायफायवर! शेवटी मालकांना विचारून मी लॉबीत लॅपटॉप घेऊन बसलो, रिसेप्शन आणि सर्व्हरच्या मधे स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट लावलं आणि रिसेप्शनवर माझाच पासपोर्ट भरायला सांगितला. नंबर माझ्या स्क्रीनवर. मालक म्हणाले, "हें कोणूय करूंक शकता?" सीनियर अजूनही म्हणतो, लॉबीत बसून एवढा उद्योग कोण करणार. मी केला की!

तुमचं म्हणाल तर ३.१३ पासून डिफॉल्ट कॉन्टेक्स्टमध्ये (जोडणीच्या तयार सेटिंगमध्ये) 'स्ट्रिक्ट' फ्लॅग, म्हणजे सर्टिफिकेट नियमांनुसार काटेकोर तपासायचं बटण, आपोआप लागतो. ऑफिसच्या सीएमध्ये (सर्टिफिकेटं देणाऱ्याच्या स्वतःच्या सर्टिफिकेटात) बहुधा बेसिक कन्स्ट्रेंट्स, म्हणजे 'हा सीए आहे' ही नोंद, 'क्रिटिकल' म्हणजे सक्तीची केलेली नाही, किंवा सर्व्हरच्या सर्टिफिकेटात ऑथॉरिटी की आयडेंटिफायर, म्हणजे ते कोणत्या सीएच्या कीने सही केलंय ही खूण, नाही. यातलं काय ते एररच्या शेवटी लिहिलेलं असतं, आणि तुम्ही एरर चिकटवताना नेमकं तेच कापून टाकलंय. सर्टिफिकेटं नीट बनवून घ्या. तोवर कॉन्टेक्स्टच्या व्हेरिफाय फ्लॅग्जमधून फक्त स्ट्रिक्ट काढा. बाकी तपासणी शाबूत राहते. तुमचा सीनियर नको म्हणाला तर त्याच्याकडून तसं ईमेलवर लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं, म्हणून आमचा सीनियर आजही "मी असं कधी म्हटलंच नाही" म्हणत फिरतो.

हां, सर्टिफिकेट फायरवॉलचा डबा (ऑफिसच्या नेटवर्कवर पहारा देणारं यंत्र) बनवत असेल तर ते तुमच्या हातात नाही, डबा विकणाऱ्याच्या मागे लागा. आणि एररमध्ये 'सेल्फ-साइन्ड' असं आलं असेल तर वरचं काही लागू नाही, तुमचा रूटच, म्हणजे सीएचं मूळ सर्टिफिकेट, मशीनवर बसवलेला नाही.