फिजिशियन असिस्टंट : गावात काम करायचं तर शिकायचंही गावातच

मागच्या सदरात मी ‘फिजिशियन असिस्टंट’ या अभ्यासक्रमाचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांची रीघ लागली. शहापूरच्या मुलाचं पत्र खरं तर आधी घ्यायचं होतं. पण मुळातला प्रश्न डोंबिवलीच्या एका आईने विचारलाय, म्हणून सुरुवात तिथून.

मुलीला बारावीला पीसीबीत गुण चांगले आहेत, पण नीटमधून एमबीबीएस मिळेलसं दिसत नाही. एका कॉलेजने ‘बीएस्सी फिजिशियन असिस्टंट’ सुचवलं. हे नक्की काय, कंपाउंडर की छोटा डॉक्टर? – एक आई, डोंबिवली

दोन्ही नाही. कंपाउंडर औषध बांधून द्यायचा. फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, रुग्णाला बोलतं करून इतिहास घेतो, तपासतो, डॉक्टरांना निष्कर्ष सांगतो, टाके घालतो, वॉर्डातल्या रुग्णांचा पाठपुरावा करतो. सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. साधारण तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाचा समावेश आहे.

याचा जन्म दोनदा झाला. अमेरिकेत डॉक्टर पुरेनात, तेव्हा १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात रुग्णसेवा केलेल्या चौघांना घेऊन पहिली तुकडी सुरू केली. आपल्याकडे सुरुवात १९९२ मध्ये चेन्नईत झाली, हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने. म्हणजे तिकडे सुरुवात तुटवड्यातून झाली आणि इथे ऑपरेशन थिएटरातून. आपल्याकडचे बरेचसे पीए अजूनही मोठ्या हॉस्पिटलांच्या हृदय विभागात आणि आयसीयूत दिसतात, त्याचं मूळ यात आहे.

नावाचाही घोळ आहे. अमेरिकेतल्या संघटनेने २०२१ मध्ये ‘असिस्टंट’ सोडून ‘असोसिएट’ धरलं. ब्रिटनमध्ये २०२५ च्या सरकारी आढाव्याने बरोबर उलट सुचवलं. आपल्या कायद्यात ‘असोसिएट’ आहे, बोलण्यात ‘असिस्टंट’. त्यामुळे कॉलेजच्या माहितीपत्रकात यापैकी काहीही छापलेलं असलं तरी बिचकू नका.

मात्र मुलीला एक गोष्ट आजच स्पष्ट सांगा. नावामागे ‘डॉक्टर’ लागणार नाही, स्वतःचा दवाखाना थाटता येणार नाही, मृत्यूच्या दाखल्यावर सही करता येणार नाही. एमबीबीएस हुकल्याची भरपाई म्हणून आलेली मुलं दुसऱ्या वर्षी कोमेजतात. या कामाची गोडी लागून आलेली टिकतात. कॉलेजला फक्त एवढं विचारा, की इंटर्नशिप कुठे असते आणि तिथे हाताला काम मिळतं की वर्षभर डिस्चार्ज कार्डंच टाइप करावी लागतात?

मी डोळखांबजवळच्या पाड्यावरचा. हा कोर्स करून गावाकडेच काम करता येईल का? सरकारी भरती निघते का? – एक विद्यार्थी, ता. शहापूर

तुला गोड खोटं सांगणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, आज पीएचं पदच नाही. उपकेंद्रावर जे मधल्या फळीचं पद आहे ते समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं, म्हणजे सीएचओचं. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेतून ते आलं. महाराष्ट्रात त्यावर बीएएमएस, बीयूएमएस आणि बीएस्सी नर्सिंग झालेले घेतात आणि सहा महिन्यांचं प्रशिक्षण देतात. मानधन दरमहा २५ हजार आणि कामावर आधारित १५ हजारांपर्यंत. सरकारी नोकरी आणि तीही गावातच हवी असेल, तर आजच्या घडीला बीएस्सी नर्सिंगची वाट जास्त खात्रीची आहे. पीएला गावाकडे वाव आहे तो ट्रस्टच्या रुग्णालयांत, संस्थांच्या फिरत्या दवाखान्यांत. जागा थोड्या, पगार बेताचा.

हे लिहिताना मला चडफडायला होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच सांगून ठेवलंय, की ग्रामीण भागात माणसं टिकवायची असतील तर ग्रामीण भागातलीच मुलं निवडा आणि तिथेच शिकवा. म्हणजे नेमका तुझ्यासारखा मुलगा. कातकरी, ठाकूर, वारली घरांतली म्हातारी ज्याच्याशी तिच्या बोलीत बोलेल असा. आणि त्याच्यासाठी पद नाही. तरीही कोर्स करायचा असेल, तर आधी एखाद्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे सुट्टीत पंधरा दिवस नुसता उभा राहून बघ. फी भरण्याचं मग ठरव.

आमच्या पीए विद्यार्थ्यांना आम्ही दोन आठवडे ग्रामीण पोस्टिंगला नेतो. एवढं पुरतं का? आणि तिथे नेमकं काय शिकवावं? – एक अध्यापिका, नवी मुंबई

मॅडम, रागावू नका, पण दोन आठवडे म्हणजे सहल. पहिला आठवडा मोबाइलला रेंज शोधण्यात जातो, दुसरा परतीच्या गाडीच्या चौकशीत. सलग तीन महिने तरी हवेत, आणि त्यातला एक पावसाळ्याचा.

पावसाळाच का, ते सांगते. पहाटे चारला एका तरुणाला जीपमधून आणतात. तक्रार काय, तर पोटात दुखतंय आणि घशाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. अंगावर जखम नाही, सूज नाही. शहरात शिकलेला मुलगा अॅसिडिटीचं इंजेक्शन शोधायला लागतो. शहापूर-मुरबाडला मुरलेली नर्स आधी विचारते, ‘जमिनीवर झोपला होतास का?’ मग म्हणते, ‘वर बघ.’ पापण्या अर्ध्यावरच अडकतात. मण्यार. तिचा दंश रात्री, झोपेत होतो. खूण जवळजवळ दिसत नाही आणि फारसं दुखतही नाही. पुढे एका श्वासात आकडे मोजायला लावायचे. मघाशी वीसपर्यंत पोचणारा आता बारावर थांबला, तर अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हाताशी हवी आणि १०८ ला फोन गेलेला हवा. प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या लहान मुलालाही मोठ्याएवढ्याच लागतात, कारण साप समोरच्याचं वजन बघून विष सोडत नाही. आणि त्याची रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनालिन आधीच भरून ठेवलेलं असावं.

घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असेल तर रक्त गोठतंय का, हे वीस मिनिटांच्या चाचणीत कळतं. दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घालायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. एका ठिकाणी (नाव नको) मी पाहिलं, की मुलाने रक्त प्लास्टिकच्या नळीत घातलं आणि दर दोन मिनिटांनी हलवून बघत होता. प्लास्टिकमध्ये निरोगी माणसाचं रक्तही नीट गोठत नाही. मुलगा हुशार होता, चाचणीची व्याख्या त्याला तोंडपाठ होती. काचेची नळी कपाटाच्या कुठल्या खणात असते, ते मात्र कुणी दाखवलं नव्हतं.

विंचवाचंही असंच. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण रात्र रात्र शेजारी बसून पाहिले. रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी त्यावर उपयोगी पडते, हे त्यांनी जगाला दाखवलं. ते निरीक्षण कोकणातल्या खाटेशेजारी झालं. तुमच्या मुलांनाही तसं बसायला शिकवा.

दुसरा विषय वीटभट्ट्यांचा. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं भिवंडीच्या आणि आसपासच्या भट्ट्यांवर निघून जातात, पावसाच्या तोंडावर परततात. बाळाचं लसीकरणाचं कार्ड पाड्यावरच्या घरात राहतं, बाळ भट्टीवर. दोन्हीकडच्या नोंदवह्यांत ते मूल अर्धंमुर्धं असतं. विद्यार्थ्याला एक कुटुंब नेमून द्या. सहा महिने त्याच्या मागावर राहा म्हणावं, पाड्यापासून भट्टीपर्यंत आणि परत. दंडाची पट्टी लावून घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली आला तर ते मूल तीव्र कुपोषित, हे वाक्य पाठ व्हायला एक मिनिट लागतं. पण भट्टीमालकासमोर त्या आईला ‘उद्या मजुरी बुडवून मुलाला दवाखान्यात आण’ असं कसं म्हणायचं, हे एका मिनिटात येत नाही.

शेवटचं म्हणजे फोन. पीएचं अर्धं काम दूरच्या डॉक्टरांना रुग्ण सांगण्याचं आहे. मी विद्यार्थ्यांना साठ सेकंद देते: वय, कधीपासून, नाडी, रक्तदाब, श्वास, आणि ‘मला तुमच्याकडून अमुक हवंय’. हे शेवटचं वाक्य नव्वद टक्के मुलं विसरतात.

आधीच बोगस डॉक्टरांचा सुळसुळाट आहे. त्यात हे अर्धवट शिकलेले सोडायचे? गावकऱ्यांनी दुय्यम उपचार का घ्यावेत? – एक फॅमिली डॉक्टर, कल्याण

डॉक्टर, तुमचा शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि तो १९४६ पासून चालत आलाय. तेव्हा देशात सुमारे ४७ हजार ५०० डॉक्टर होते. त्यातले जवळपास ३० हजार एलएमपी, म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने ते शिक्षण बंद करून एकाच प्रकारचा पदवीधर डॉक्टर घडवावा असं सुचवलं. हेतू उदात्त होता. पण तो पदवीधर डॉक्टर खेड्यात गेला का? तुम्ही-आम्ही दोघंही शहरात बसून हे लिहितोय, यातच उत्तर आलं.

छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. विरोधामुळे तो काही वर्षांत गुंडाळला गेला, पण तोवर तयार झालेले ग्रामीण वैद्यकीय सहायक आरोग्य केंद्रांवर रुजू झाले. नंतर झालेल्या अभ्यासात, प्राथमिक केंद्रावर नेहमी येणाऱ्या आजारांपुरतं बघितलं तर, त्यांचं कौशल्य एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीचं निघालं. आसामच्या अशाच अभ्यासक्रमाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०२३ च्या निकालाने मूळ कायदा गेला, पण या लोकांना ठरावीक चौकटीत काम करू देणारा नंतरचा कायदा टिकला. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमातही मर्यादित परवान्याची तरतूद आहे. अशांची संख्या डॉक्टरांच्या एक तृतीयांशावर जाता कामा नये, अशी अट त्यात आहे. आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेने तेव्हा आंदोलन केलं होतं, आठवत असेल.

तुमची एक भीती मात्र मलाही आहे. ज्याचं निदानच झालेलं नाही असा रुग्ण पहिल्यांदा कुणी पाहावा? ब्रिटनच्या त्याच आढाव्याने पीएंना अशा रुग्णांपासून बऱ्याच अंशी दूर ठेवायला सांगितलं. लंडनमध्ये ते जमेल, तिथे शेजारच्या खोलीत डॉक्टर असतो. मोखाड्याच्या पाड्यावर पहिला पाहणारा बहुतेकदा भगत असतो. तिथे पीएची तुलना एमडीशी करू नका, कुणीच नसण्याशी करा. फक्त देखरेख कागदावरची नको. वर्षभर डॉक्टरांच्या सहीचा शिक्का टेबलावर ठेवून चालणारी केंद्रं मी पाहिली आहेत. तसं होणार असेल तर मीही तुमच्या बाजूने उभी राहीन.

नवी मुंबईत पावलोपावली हॉस्पिटल आहे. इथे अशा लोकांची काय गरज? – एक निवृत्त वाचक, ऐरोली

काका, ऐरोलीहून दिघ्याला रिक्षाने जाऊन या. किंवा तुर्भ्याच्या दगडखाणींवर राबलेल्यांच्या वस्तीत. खाणीतल्या धुळीने फुप्फुसं दगडासारखी होतात, त्या आजाराचं नाव सिलिकोसिस. तो क्ष-किरणात टीबीसारखा दिसू शकतो, आणि अशा फुप्फुसांत टीबीही लवकर घुसतो. खोकल्याचं बाटलीभर औषध देताना ‘आधी काम काय करत होतात?’ एवढं विचारायला कुणाला फुरसत नसते. हॉस्पिटल दोन किलोमीटरवर आहे, पण नाक्यावरच्या मजुराला ओपीडीच्या रांगेत दिवस घालवायचा म्हणजे त्या दिवसाची हजेरी गेली. संध्याकाळी सातनंतर वस्तीत बसणारा पीए इथे डॉक्टरांचा डोळा होऊ शकतो.

हा कोर्स करून अमेरिकेत नोकरी मिळते का? – तीन वाचक, ठाणे आणि वाशी

नाही. तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेतून शिकल्याशिवाय त्यांच्या परवाना परीक्षेलाच बसता येत नाही. ‘इथून थेट तिकडे’ सांगणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

मी निवृत्त फिजिशियन, ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. खेड्यात जाऊन राहणं आता गुडघ्यांना झेपणार नाही. घरबसल्या काही करता येईल का?

नक्की येईल, सर. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत रुग्णाजवळ बसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत डॉक्टरांनी सल्ला देण्याची सोय आहे, आणि डॉक्टर देशात कुठेही बसलेला चालतो. तुमची नोंदणी चालू असली पाहिजे, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा, आणि गुंगीच्या, नशेच्या यादीतली औषधं फोनवरून लिहायची नाहीत. एखाद्या ट्रस्टच्या रुग्णालयाशी बोलून आठवड्यातल्या दोन रात्री ठरवून घ्या. ठरवलेल्या रात्री फोन दुसऱ्या रिंगला उचलला गेला पाहिजे, लघवीला उठलात तरी हातात. पलीकडची मुलगी तेवीस वर्षांची असेल आणि तिच्यासमोर कुणाच्या तरी पापण्या मिटत असतील.

आणि सुरुवातीला एकदा कसारा लोकल पकडून आसनगावला उतरा, तिथून एसटी किंवा जीपने त्या केंद्रापर्यंत जा. ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे ठेवलाय, तो भरलेला आहे का, पावसात कुठला ओढा रस्ता अडवतो, रुग्ण खाली आणायचा तर भिवंडीजवळच्या राजणोली नाक्याच्या कोंडीत किती वेळ जातो, हे बघून या. नाहीतर रात्री अडीचला तुम्ही ‘तासाभरात कळव्याच्या रुग्णालयात पोचवा’ असं सांगून फोन ठेवाल.