घर पसंत आहे, सही मात्र होत नाही

"सगळं जुळून आलंय, घर दोघांनाही आवडलंय, पण सही करायची वेळ आली की पोटात गोळा येतो. आम्ही चूक तर करत नाही ना?" अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी, सायप्रस, फुलशिअर या पट्ट्यात घर शोधणारी मराठी जोडपी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे नेहमी येतात. उत्तरादाखल एका जोडप्याचा अनुभव सांगते. लिहायला दोघांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोघंही पस्तिशीतले. तो एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, आय-१४० म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज मंजूर झालेला, पुढे ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, न संपणारी रांग. ती एच-फोरवर, म्हणजे त्याची जोडीदार म्हणून मिळालेल्या व्हिसावर, नोकरी करणारी. मुलगी पहिलीत. भाड्याचं घर बदललं की मुलीची शाळा बदलायची, असं दोनदा झालेलं. म्हणून तिने एका मोठ्या आखीव वसाहतीत टाउनहोम शोधलं होतं. अशा वसाहती इथे फार. एकच विकासक हजारो एकर जमीन घेतो आणि तळी, चालायच्या वाटा, पोहण्याचे तलाव, शाळा, दुकानं सगळं एका आराखड्यात बसवतो. ह्यूस्टनच्या उत्तरेचं द वुडलँड्स १९७४ साली असंच सुरू झालं. अशा वसाहतीतलं स्वतंत्र घर परवडत नसेल तर शेजाऱ्याशी भिंत सामाईक असलेलं टाउनहोम आवाक्यात येतं आणि शाळा तीच मिळते. तिचा हिशोब चोख होता.

तो मात्र दर आठवड्याला नवी हरकत काढायचा. आधी भिंत सामाईक म्हणून, मग छताचा खर्च कोणाचा म्हणून, मग मड टॅक्स नावाचा वसाहतीचा कर. ऑफर मंजूर झाली, ऑप्शन पिरियड, म्हणजे थोडी फी भरून करारातून मागे फिरण्याची मुदत, सुरू झाला, तसा तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एक्सेलची शीट भरत बसू लागला. "याला घर घ्यायचंच नाहीये, फक्त तोंडाने म्हणत नाही," ती मला म्हणाली. तो शेजारी बसून ऐकत होता. काही बोलला नाही.

अशा वेळी 'भीती मनातली आहे, आकडे निमित्त आहेत' असं म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. मला ते अजिबात पटत नाही. इथे घर घेणाऱ्या माणसाला आकड्यांची भीती वाटलीच पाहिजे. म्हणून पहिली पूर्ण बैठक आम्ही त्याच्या शीटवरच घालवली.

मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. शहराच्या हद्दीबाहेरच्या वसाहतीत पाणी आणि सांडपाण्याच्या सोयी कर्जरोखे काढून उभ्या करतात आणि ते कर्ज रहिवासी करातून फेडतात. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, पण अशा नव्या वसाहतीत शाळा, काउंटी, मड मिळून मालमत्ता कर घराच्या किमतीच्या अडीच-तीन टक्क्यांपर्यंत जातो. साडेतीन लाख डॉलरचं घर आणि तीन टक्के धरले तर वर्षाला १०,५०० डॉलर, म्हणजे महिन्याला ८७५. हप्त्याव्यतिरिक्त. त्याच्या ऑफिसातल्या एकाने नवंकोरं घर घेतलं, तेव्हा पहिल्या वर्षी कर जवळजवळ नुसत्या जमिनीवर लागला. दुसऱ्या वर्षी पूर्ण घरावर लागला, एस्क्रोत, म्हणजे कर आणि विम्यासाठी हप्त्यासोबत पैसे जमा होतात त्या खात्यात, तूट आली आणि महिन्याचा भरणा एकदम वाढला. ही गोष्ट याच्या डोक्यात घर करून बसली होती. यांचं घर तीन वर्षं जुनं होतं, कर पूर्ण किमतीवरच लागत होता. तिने काउंटीच्या साइटवरून मागची बिलं काढून दाखवली आणि ती ओळ शीटमधून गेली.

छताचा प्रश्न एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनच्या, कागदांत सुटला. टाउनहोमला हे कागद वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये. कुठे छत आणि बाहेरची भिंत असोसिएशन सांभाळते, कुठे ते मालकाच्या गळ्यात असतं, आणि विमा कोणता घ्यायचा हेही त्यावरच ठरतं. पुराचा प्रश्न मी स्वतः काढला. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळात इथल्याच बार्कर धरणामागच्या वसाहतींत पाणी शिरलं तेव्हा कित्येकांकडे पूरविमा नव्हता, आणि घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. नकाशावर घर सुरक्षित दिसत असलं तरी पॉलिसी घ्यावी, असंच मी म्हणेन.

राहिला व्हिसा. नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला फार तर साठ दिवस. पण घराची मालकी व्हिसावर अवलंबून नसते. देश सोडावा लागला तरी घर भाड्याने देता येतं किंवा भारतात बसून विकता येतं. फक्त एचओए भाड्याने देऊ देते का ते आधी बघायचं, आणि अनिवासी म्हणून विकताना साधारण १५ टक्के रक्कम कापून करखात्याकडे भरली जाते, नंतर रिटर्न भरून हिशोब होतो, हे ठाऊक असायचं. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून डाऊन पेमेंट थोडं कमी करायचं, असं दोघांनी तिथेच ठरवलं.

दुसऱ्या बैठकीला येताना त्याची शीट जवळजवळ हिरवी झालेली होती. चेहरा तसाच. मी त्याला म्हटलं, "घराचा दरवाजा उघडून आत शिरा, आणि काय दिसतं ते सांगा." त्याने सांगायला सुरुवात केली. डावीकडे गॅरेजचं दार, समोर स्वयंपाकघर आणि हॉल, जिन्याखाली छोटं टॉयलेट-बेसिन. तिन्ही बेडरूम वर. जिन्यापाशी तो थांबला. मग म्हणाला, "बाबा हा जिना चढू शकणार नाहीत."

वडील साताऱ्याला असतात, दोन्ही गुडघे गेलेले. ही ओळ शीटमध्ये कुठेच नव्हती.

ती आधी गप्प बसली, मग चिडली. "हे तू मला विम्याच्या आणि छताच्या नावाखाली सांगत होतास?" तिचं चिडणं रास्त होतं. तो म्हणाला, बोललो असतो तर तुला वाटलं असतं मी आई-बाबांना कायमचं आणायचं ठरवतोय. निघताना बाबांना 'पाच वर्षांत परत येतो' म्हणालो होतो, त्याला आता नऊ झाली. घर घेतलं म्हणजे ते खोटं ठरलं.

घर घेणं आणि कायमचं इथे राहणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. परदेशातल्या बहुतेक मराठी घरांत ते एकमेकांना चिकटून येतात आणि पहिल्याच्या सहीवर दुसऱ्याचं ओझं पडतं. मी दोघांना वेगवेगळे कागद दिले. परत जायचं का, आणि कधी, एवढंच लिहायचं, एकमेकांचं न बघता. तिने लिहिलं, 'मुलीची बारावी झाल्यावर.' त्याने लिहिलं, 'माहीत नाही.' ती इथेच रुळली आहे असं तो वर्षानुवर्षं धरून चालला होता, आणि हा मनाने कधीच परतलाय असं ती.

आई-वडिलांचा मुद्दा भावनेवर सोडून चालणार नव्हतं. मुलगा अमेरिकेचा नागरिक होईपर्यंत आई-वडिलांना ग्रीन कार्डासाठी बोलावता येत नाही. म्हणजे दोघं येणार ते पर्यटक व्हिसावर, बहुधा एका वेळी सहा महिन्यांपर्यंत. तेवढ्या मुक्कामात त्यांना कसं घर लागेल, हे त्यांनाच विचारा, असं मी सुचवलं. रविवारी व्हिडिओ कॉल झाला. वडील म्हणाले, "तुमच्या सोयीचं बघा, आमचं काय." सासूबाईंनी मात्र सुनेला विचारलं, "खाली आंघोळीची सोय आहे का गं?"

नव्हती. जिन्याखालच्या त्या टॉयलेटमध्ये शॉवर काढायचा तर जमिनीतून पाइप न्यायचे. इथल्या बऱ्याच घरांचा पाया ताणलेल्या पोलादी केबल घातलेल्या काँक्रीटचा असतो. तो नुसता फोडून चालत नाही, आधी केबल कुठून गेल्यात ते शोधावं लागतं. प्लंबरने सांगितलेला खर्च ऐकून तिनेच एजंटला फोन केला. ऑप्शन पिरियड संपायला अजून अवधी होता, त्यामुळे ऑप्शन फी आणि इन्स्पेक्शनचे पैसे गेले, बाकी रक्कम परत मिळाली. विकासकाकडून थेट नवं घर घेतलं असतं तर त्याच्या करारात हे कलम बहुधा नसतंच, हे लक्षात असू द्या.

अजून ते भाड्यानेच राहतात. शाळेचा डिस्ट्रिक्ट तोच ठेवून, खाली एक बेडरूम आणि पूर्ण बाथरूम असलेलं टाउनहोम शोधताहेत. तशी कमी असतात आणि थोडी महागही. तिला उशीर झाल्याची हळहळ आहे, ती बोलूनही दाखवते. तो आता रात्री झोपतो. परत जाण्याबद्दल त्याचं उत्तर अजून 'माहीत नाही' असंच आहे, पण दर दिवाळीनंतर एकदा त्यावर बसून बोलायचं, असं दोघांनी ठरवलंय.