ड्रिफ्टिंग शिकायला पहिली स्वस्त गाडी कोणती घ्यावी? (बजेट तीन लाख, सध्या स्विफ्ट आहे, मित्र म्हणतात जुनी जर्मन सेदान घे)

जर्मन सेदान घेऊ नका. आधी हे लिहून टाकतो, कारण तुमच्या मित्रांनी जो सल्ला दिलाय तोच सल्ला ऐकून माझे पैसे पाण्यात गेले आहेत.

स्विफ्टचं म्हणाल तर ती विकू नका, रोजच्या कामाला ठेवा. तिचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. हँडब्रेक ओढून मागचा भाग फिरवता येतो, व्हिडिओत छानही दिसतं, पण ते ड्रिफ्टिंग नव्हे. ड्रिफ्टिंगमध्ये मागचं चाक ॲक्सिलरेटरने सुटलं पाहिजे, म्हणजे पकड सोडून बाहेर घसरलं पाहिजे, आणि ॲक्सिलरेटरनेच सुटलेलं राहिलं पाहिजे.

आता ड्रिफ्टिंगसाठी सुचवतात त्या जपानी गाड्यांच्या याद्या. निस्सान सिल्व्हिया, माझदा मियाटा, टोयोटा एई८६ ही नावं तुम्ही वाचली असणारच. मियाटा आपल्याकडे कधी विकायलाच आली नाही. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, म्हणजे १९९०ची सिल्व्हिया आणण्याचा विषयच संपला. पण त्या यादीतली एक गोष्ट मनात ठेवा. १९८३ ते ८७ मधली ती टोयोटा एई८६, जिच्यामुळे ड्रिफ्टिंगचा बादशहा म्हणवला जाणारा जपानी ड्रायव्हर केइची त्सुचिया डोंगरातल्या घाटरस्त्यांवरून जगभर पोचला, तिचं इंजिन १.६ लिटरचं आणि ताकद १३० अश्वशक्ती. आजच्या हिशेबाने किरकोळच. गाडी हलकी होती, मागच्या चाकांवर चालणारी होती आणि पोराटोरांना परवडत होती. त्याच त्सुचियाने पुढे १९९५ला ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपला वर्ग जिंकला.

हे मी माझ्या मावसभावाला २०१५ मध्ये सांगत होतो. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्याचं एकच म्हणणं, "पॉवर नसेल तर गाडी सुटणारच नाही." घरात मोठ्याच्या शब्दाला वजन असतं, आणि गाड्यांतलं त्याला कळतं असा सगळ्यांचा समज. आम्ही दोघांनी मिळून पाच लाख ऐंशी हजारांना एक जुनी जर्मन डिझेल सेदान घेतली. पावणेदोनशे अश्वशक्ती, ऑटोमॅटिक, आतून अजून नव्यासारखी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. ती हायवेसाठी केलेली गाडी, आणि आम्ही तिला चिखलात घातलं.

चिखल म्हणजे कराडजवळची मामांची वीटभट्टी. पावसाळ्यात भट्टी बंद असते. एकरभर सपाट पटांगण, वर माती आणि राखेचा थर. दोन सरी पडल्या की साबण लावल्यासारखं होतं. कडेने आम्ही भाताच्या तुसाची पोती लावली होती. दादाने बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू न देणारी यंत्रणा) बंद केलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. आतल्या बाजूचं मागचं एक चाक गरगरा फिरलं, गाडीने स्वतःच त्या चाकाला ब्रेक लावला, इंजिन दबलं आणि आम्ही जागेवरच. बटणाने सगळं बंद होत नव्हतं. क्लच पायाखाली नाही, म्हणजे क्लचचा झटका देऊन मागचं सोडवायची सोयही नाही. दोन रविवार हेच. तिसऱ्या रविवारी गिअरबॉक्स गेला. मेकॅनिकने एक लाख चाळीस हजार सांगितले. शेवटी सव्वादोन लाखांना गाडी गेली आणि दादा म्हणाला, "अजून पॉवर पाहिजे होती."

मला ते वाक्य आजही लागतं.

पुढच्या उन्हाळ्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांकडे ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमियर ११८ एनई मिळाली. तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो: पद्मिनीवाल्याच कंपनीची ही पुढची गाडी, १९८५च्या आसपास आली. सांगाडा फियाट १२४चा, इंजिन निस्सानचं ११७१ सीसीचं, ताकद जेमतेम पन्नास-बावन्न. मागची चाकं फिरवणारी, बुटकी, हलकी. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, मध्ये पडणारा एकही कॉम्प्युटर नाही. बेचाळीस हजारांना दिली त्यांनी. किल्लीला पितळी खंडोबा होता, तो काढून घेतला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मी काय करणार आहे ते त्यांना खरं सांगितलं होतं. "इंजिन तापू देऊ नकोस," एवढंच म्हणाले.

जूनमध्ये ती भट्टीवर नेली. दुसरा गिअर, स्टिअरिंग थोडं आत, क्लच दाबायचा, इंजिन चढवायचं आणि क्लच सोडायचा. मागचं बाहेर निघालं! पन्नास घोड्यांत. ओल्या मातीवर त्याहून जास्त लागतच नाही.

मग खरी शाळा सुरू झाली. मागचं सुटलं की पोटात खड्डा पडतो आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. पाय उठला की मागच्या टायरला एकदम पकड मिळते आणि गाडी उलट्या बाजूला फटका मारते. पहिले चार रविवार मी हाच फटका खात होतो. पाय अर्ध्यावर धरून ठेवायचा, हे डोक्याला कळतं, पायाला कळायला वेळ लागतो. दुसरी गोष्ट हात. मी स्टिअरिंग आवळून धरत होतो. ट्रॅक्टर चालवणारा मामांचा माणूस काठावर उभा राहून बघायचा. तो म्हणाला, "सोड की त्येला, ते आपसूक फिरतंय." आणि खरंच, मूठ सैल केली की पुढची चाकं स्वतःहून गाडी चाललीय त्या दिशेला वळतात आणि स्टिअरिंग तळहाताखालून सरकत जातं. तुम्ही फक्त कुठे थांबवायचं ते ठरवायचं. इतक्या वर्षांत मला कोणी शिकवलेली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट.

पण वर्तुळ पुरं होत नव्हतं. कारण तेच, एक मागचं चाक मोकळं फिरायचं. मग कराडच्या एका वेल्डरकडून डिफरन्शियलची, म्हणजे दोन मागच्या चाकांत इंजिनाची ताकद वाटणाऱ्या डब्याची, आतली दात्यांची चाकं वेल्ड करून घेतली, दोन्ही मागची चाकं एकत्र फिरायला लागली. मजुरी दीड हजार. इथे तुम्हीच सांगा, पाच लाख ऐंशी हजारांच्या गाडीचं डिफरन्शियल उघडून कोण वेल्ड करणार? स्वस्त गाडी घ्यायची ती पैसे वाचवायला नाही, हात घालायची भीती वाटू नये म्हणून. क्लच प्लेट मी दोन पावसाळ्यांत दोनदा खाल्ली. पंक्चरवाल्याकडचे तेरा इंचाचे गोटा टायर तीन-चारशेला मिळायचे.

ऑगस्टच्या एका रविवारी पहिलं अख्खं वर्तुळ झालं. खाली उतरून माती पाहिली. साध्या वळणात मागच्या चाकांची खूण पुढच्यांच्या आतून जाते. इथे मागच्यांची खूण बाहेरून होती, सगळीकडे बाहेरून, जिथून सुरू झाली तिथे परत येऊन मिळालेली. मी दादाला फोन करून बोलावलं. पाऊस यायच्या आत तो आला. पाहिलं, आणि म्हणाला, "चिखलात काय, बैलगाडीपण सरकते." त्याच चिखलात त्याच्या गाडीने एका चाकाचा खड्डा खणला होता, तो खड्डा तेव्हाही तिथेच होता, पाणी भरलेला. मी तो दाखवला नाही. दाखवायला हवा होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे. चालती ११८ एनई किंवा पद्मिनी मिळाली तर घ्या, पण खालून पत्रा बघा. ड्रायव्हरच्या पायाखाली आणि मागच्या स्प्रिंगच्या बैठकीला टोकदार हातोडीने ठोकून बघा, आत गेली तर सोडून द्या. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगजवळ असतो, त्यात घाईत गिअर टाकायला अवघड जातं, म्हणून मी ११८ सांगतो. ती नाहीच मिळाली तर ओम्नी किंवा ईको. दोन्ही मागच्या चाकांवर चालतात, सुटे भाग गावोगाव मिळतात. मात्र त्या उंच आणि अरुंद आहेत, फक्त ओल्या मातीवर, कोरड्या डांबरावर उलटतील. जिप्सीचंही तेच, शिवाय तिचे पाटे कडक आणि भाव चढलेला. कॉन्टेसा घेऊन रडवू नका, ज्या राहिल्यात त्या लोक मनापासून जपतायत. बोलेरो, तवेरा, सुमो मागच्या चाकांच्या असल्या तरी नाही. जड आणि उंच. जी घ्याल तिचा हँडब्रेक हाताने ओढायचा असला पाहिजे, बटणाचा नको. आणि गिअर हाताने टाकायचेच.

जर्मन गाडीला माझा विरोध कायमचा नाही. युरोपात जुन्या बीएमडब्ल्यूवर हजारो लोक शिकतात, पण तिथे मॅन्युअल गाडी मिळते आणि मोडीतून डिफरन्शियल मिळतं. तुम्ही सरकत्या गाडीने इंग्रजी आठचा आकडा न तुटता काढायला लागलात की घ्या. मॅन्युअलच.

हे आधी लिहायला हवं होतं: रस्त्यावर एकदाही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ (धोकादायक ड्रायव्हिंग) आणि १८९ (रस्त्यावर शर्यत) बाजूला ठेवा, समोरून येणारा माणूस बाजूला ठेवता येत नाही. मैदान खाजगी, मालकाची परवानगी तोंडी नको, लेखी घ्या. डिफरन्शियल वेल्ड केलेली गाडी परत रस्त्यावर आणायची नाही, ती टेम्पोवर न्यायची. विम्याच्या कागदावर शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, तेव्हा काही झालं तर खर्च तुमचा. हेल्मेट घाला. जुन्या गाडीचे पट्टे कुजलेले असतात, नवे बसवा. डिकीतला जॅक आणि स्टेपनी बाहेर काढा, नाहीतर ते तुमच्या मानेवर येतील. शेजारी कोणाला बसवू नका, पोरं बघायला जमली की इंजिन बंद करा. रेडिएटरचा पंखा आधी तपासा, कारण हळू वेगात गोल फिरताना वारा लागत नाही आणि इंजिन वीस मिनिटांत तापतं. काकांनी सांगितलेलं तेवढंच होतं आणि ते बरोबर होतं.

गेल्या मे महिन्यात घरच्या लग्नात दादाने पाहुण्यांसमोर पुन्हा तोच पॉवरचा विषय काढला. मी म्हटलं, जूनमध्ये ये, किल्ली देतो, एक वर्तुळ काढून दाखव. जून गेला, जुलै गेला. गाडी मामांच्या शेडमध्ये उभी आहे, बॅटरी चार्ज करून ठेवली आहे.